दंताळं, पाणी आणि एरंडाचं कुंपण



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. परवा पुण्याहून वन्संचा फोन आला होता. म्हणाल्या, "काय गं, अमेरिकेत गेलीस आणि लिहिणं बंद? आम्ही काय वाचायचं?" तेव्हा वन्सं, हे तुमच्यासाठी. बाकीच्यांनीही गोड मानून घ्यावं.

लिहायचं आहे ते एका पत्र्याच्या खोलीबद्दल. आम्ही सध्या ॲरिझोनात मुलाकडे आहोत. नातू बेसबॉल खेळतो. त्यांच्या छोट्या मुलांच्या संघाचं मैदान पालकच राखतात, पाळीपाळीने. मार्चमधल्या एका शनिवारी पाळी आमच्या चिरंजीवांची होती आणि नेमकी त्याच दिवशी त्यांची कंबर धरली. हे म्हणाले, "मी जातो." पण यांना सकाळी सातला उठवण्यापेक्षा मीच गेले. साडी, पायात बूट, डोक्याला स्कार्फ. कोच म्हणजे एक साठीचे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, काही न बोलता खोलीचं कुलूप काढलं आणि हातात एक दंताळं दिलं.

आता दंताळं मला काही नवीन नाही. माहेरी खळ्यावर मी ते पुष्कळ ओढलं आहे. म्हणून आत्मविश्वासाने सुरुवात केली आणि तांबडी माती कडेच्या हिरवळीकडे ओढू लागले. कोच धावतच आले. "नो, नो, मॅम!" तिथे मातीच्या वाटेवर दंताळं चालवायचं ते वाटेच्या लांबीने, गवताच्या दिशेने कधीच नाही. गवताकडे ओढलं की दर वेळी चिमूटभर माती गवताच्या मुळाशी जाऊन बसते. वर्षभरात तिथे वरंबा तयार होतो. त्याला ते 'लिप' म्हणतात, म्हणजे ओठ. मग पाऊस पडला की पाणी त्या ओठाशी अडून मातीतच साचतं, आणि जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू तिथे आपटून पोराच्या तोंडावर उडतो. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला असं झापून घेण्याची सवय नसते! पण माणूस बरोबर बोलत होता. असो.

मग मी ती खोली नीट पाहिली. दंताळी तीन-चार प्रकारची. लोखंडी चौकोनी बुडाची दांडीवाली धुम्मस, अगदी आपले गवंडी जमीन ठोकायला वापरतात तशीच. लोखंडी जाळीचा एक मोठा गालिचा, तो दोरीने किंवा छोट्या गाडीमागे बांधून मातीवरून गोलगोल ओढायचा, म्हणजे बुटांचे खड्डे बुजतात. पाण्याचे लांब पाइप. चिकणमातीच्या पिशव्या. गवत कापायचं यंत्र. पावसात झाकायला ताडपत्र्या. आणि फक्कीचं चाकांवरचं खोकं, ढकललं की पांढरी रेघ पडत जाते. आपल्याकडे आपण डब्याला भोकं पाडून हेच करायचो. पूर्वी तिथेही चुनाच वापरत. पण चुन्याने डोळे नि कातडी भाजते, म्हणून आता संगमरवरासारख्या दगडाची भुकटी वापरतात.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानाच्या एका कोपऱ्यात चौकोन असतो, चारी कोपऱ्यांना चार ठाणी. मोठ्यांच्या खेळात दोन ठाण्यांमध्ये ९० फूट, छोट्यांच्या खेळात ६०. मधे मातीचा उंचवटा, त्यावरून गोलंदाज चेंडू फेकतो. मोठ्यांसाठी तो १८ फूट व्यासाचा आणि १९६९ पासून १० इंच उंच, त्याआधी १५ इंच होता. पाच इंच कमी केले, कारण १९६८ साली गोलंदाजांपुढे फलंदाजांचं काही चालेना! हा चौकोन आखायला खुंट्या आणि सुतळी पुरते. ६० फुटांच्या चौकोनाचा कर्ण ८४ फूट सव्वादहा इंच भरला की कोपरे काटकोनात आले. आपला गवंडी तीन-चार-पाचचा गुण्या लावतो त्यातलाच प्रकार.

आणि माती! तिचं फार कौतुक वाटलं मला. वाळू जास्त, मग गाळ आणि चिकणमाती, असं मोजून केलेलं मिश्रण. वाळू फार झाली तर पाय घसरतो, चिकणमाती फार झाली तर उन्हात वीट होते. कोच मूठभर माती दाबून, तिचा गोळा करून, अंगठ्याने फोडून दाखवत होते. मला कोल्हापूरच्या तालमी आठवल्या. आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवणारे वस्ताद यांना भेटले असते तर भाषेवाचून दोघांचं जमलं असतं.

इतिहास शिकवायची खोड जात नाही. घरी येऊन मी वाचायला लागले. गवत कापायचं यंत्र १८३० साली इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने काढलं. त्याला ते सुचलं कापडगिरणीत. लोकरी कापडावरची लव कातरायला तिथे गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र होतं, तेच त्याने आडवं करून जमिनीवर चालवलं. त्याआधी मैदानं राखायची ती विळ्या-कोयत्याने नाही तर मेंढ्या सोडून. क्रिकेट काय, टेनिस काय, बेसबॉल काय, हे सगळे गुळगुळीत हिरवळीचे खेळ गिरणीच्या एका कारागिराचे ऋणी आहेत, हे मी वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना कधी सांगितलं नाही. मला ठाऊकच नव्हतं.

पण खरी गंमत आहे ती ही अवजारं चालवणाऱ्या माणसांची. अंपायर निःपक्षपाती असतो, मैदान राखणारा मुळीच नसतो! १८९० च्या दशकात बाल्टिमोरच्या संघाकडे टॉमस मर्फी म्हणून माळी होता. तो फलंदाजासमोरची माती ठोकून ठोकून दगड करायचा. त्यांचे खेळाडू मुद्दाम चेंडू खाली मारायचे, तो उंच उडायचा, आणि खाली येईपर्यंत गडी पहिल्या ठाण्यावर. १९६२ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला लॉस एंजेलिसचा संघ आला. त्यांच्याकडे मॉरी विल्स, वाऱ्यासारखा पळणारा. त्या वर्षी त्याने १०४ वेळा ठाणं चोरलं. सॅन फ्रान्सिस्कोचे मैदानराखे मॅटी श्वाब. त्यांनी पहिल्या ठाण्यापाशी इतकं पाणी मारलं की तिथे चिखलच झाला. अंपायरांनी दुरुस्त करायला सांगितलं तर वर भुसभुशीत वाळू आणून ओतली, म्हणजे पाय आणखीच रुतावेत. तिन्ही सामने सॅन फ्रान्सिस्कोने जिंकले. हे श्वाब पूर्वी संघ न्यूयॉर्कला होता तेव्हा स्टेडियममध्येच, प्रेक्षकांच्या बाकांखाली केलेल्या घरात राहत. देवळाच्या ओवरीत पुजारी राहतो तसे.

क्लीव्हलँड आणि शिकागोला बॉसार्ड घराण्याने हेच काम तीन पिढ्या केलं. आजोबा एमिल, मुलगा जीन, नातू रॉजर. अशी घराणी आपल्याकडे गाण्यात असतात. इथे दंताळ्यातही आहेत.

यंत्रांचं सगळंच चांगलं असं मात्र नाही. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट लुइसला सामन्याआधी पावसाची चिन्हं दिसली, म्हणून आपोआप उलगडणारी ताडपत्री सुरू केली. ती विन्स कोलमन नावाच्या तरुण खेळाडूच्या पायावर चढली. त्या वर्षीचा सगळ्यात वेगवान धावणारा गडी, आणि ताडपत्रीपुढे पळता आलं नाही! पुढच्या अंतिम मालिकेत तो खेळू शकला नाही, आणि संघही हरला. ह्यूस्टनला १९६५ साली छप्पर असलेलं अवाढव्य स्टेडियम बांधलं. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. मग ऊन मिळेना म्हणून गवत मेलं. मग मेलेलं गवतही हिरव्या रंगाने रंगवलं. पुढच्या वर्षी प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. एकेका चुकीवर पुढची चूक लिंपायची, हे आपल्याही ओळखीचं आहे.

एवढं वाचून मी थांबले असते. पण माझा हा नवा नाद पाहून नातवाने ग्रंथालयातून एक चित्रांचं पुस्तक आणून दिलं, मारिसा मॉस यांचं 'बार्ब्ड वायर बेसबॉल', २०१३ सालचं. "आजी, हे आपल्या इथलंच आहे." मुलांचं पुस्तक, अर्ध्या तासात वाचून झालं. मग मात्र दोन रात्री मी त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत बसले.

त्याचं नाव केनिची झेनिमुरा. जन्म १९०० चा, हिरोशिमाचा. लहानपणी हवाईला, १९२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावी आला. उंची जेमतेम पाच फूट. स्वतः खेळायचा, शिकवायचा, संघ बांधायचा. जपानी वंशाच्या मुलांचे संघ घेऊन तो जपानचे दौरे करून आला. १९२७ मध्ये बेब रूथ आणि लू गेहरिग, म्हणजे त्या काळचे बेसबॉलचे देवच म्हणा, फ्रेझ्नोला प्रदर्शनी सामना खेळले, तेव्हा हा त्यांच्याबरोबर मैदानात होता. एका फोटोत रूथच्या धिप्पाड देहाशेजारी तो शाळकरी मुलासारखा दिसतो.

मग १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. १९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे जन्माने नागरिक होते. झेनिमुरा मात्र नागरिक नव्हता. जपानात जन्मलेल्यांना नागरिकत्व देण्याची तेव्हा कायद्यात सोयच नव्हती, ती १९५२ मध्ये झाली. त्याची मुलं नागरिक होती. पण कुंपणाच्या आत बाप आणि मुलं सारखीच.

आधी त्यांना फ्रेझ्नोच्या जत्रेच्या मैदानावर ठेवलं. तिथे त्याने खेळाचं मैदान केलं. मग ॲरिझोनात हिला नदीकाठच्या छावणीत हलवलं. ही छावणी मूळ रहिवाशांच्या, अकिमेल ओओधाम लोकांच्या राखीव जमिनीवर, त्यांचा विरोध डावलून बसवली होती. अकिमेल ओओधाम या नावाचा अर्थच नदीची माणसं, आणि त्यांच्या नदीचं पाणी वरच्या अंगाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधीच वळवून नेलेलं. म्हणजे ज्यांचं पाणी नेलं त्यांच्या जमिनीवर, ज्यांची घरं नेली त्यांना आणून ठेवलं. छावणीत एका वेळी तेरा हजारांवर माणसं होती. त्या वेळी ॲरिझोनातलं ते चौथ्या क्रमांकाचं शहर झालं होतं.

इथे झेनिमुराने काय केलं? आपल्या बराकीजवळच्या माळावर, दोन शाळकरी मुलांना हाताशी घेऊन, फावड्याने झुडपं उपटायला सुरुवात केली. ते पाहून आणखी माणसं आली. झुडपं काढली, दगड वेचले, जमीन सपाट करायला बुलडोझर मिळवला. पण मी वर सांगितलं तसं, निव्वळ सपाट जमीन म्हणजे मैदान नव्हे. वाळवंटातली माती, पाणी मिळाल्याशिवाय बसायची नाही. धुलाईघरातून पाइप टाकून त्यांनी पाणी मैदानापर्यंत नेलं. चौकोनात पाणी भरून ठेवायचं, माती बसू द्यायची, सपाट करायची, परत पाणी. आपण खळं करतो तसंच. त्या पाण्यावर पुढे हिरवळही धरली.

फलंदाजाच्या मागे चेंडू अडवायला उंच जाळी लागते. तिला खांब हवेत. खांब मिळाले ते छावणीच्या काटेरी तारेच्या कुंपणाचे, एकाआड एक काढलेले! प्रेक्षकांच्या बाकांसाठी लाकूड छावणीच्या वखारीतून आलं, रात्रीचं आणि न विचारता. खेळाडूंचे गणवेश गाद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे शिवले. आणि मैदानाच्या लांबच्या कडेला भिंत हवी, तिथे लावला एरंड. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितली असेल, पण एरंडाचा असा मान कधी ऐकला नव्हता. वाळवंटात झपाट्याने वाढणारं, डोक्याच्या वर जाणारं झाड, पाण्याची फार मागणी नाही. दुसरं काय टिकलं असतं?

७ मार्च १९४३ ला पहिला सामना झाला. छावणीत तीसेक संघ झाले, हजारो माणसं पाहायला यायची. डबा फिरवून वर्गणी जमवायची, त्यातून चेंडू, बॅटी, हातमोजे टपालाने मागवायचे. १८ एप्रिल १९४५ ला टूसॉनच्या हायस्कूलचा संघ, राज्याचा विजेता, छावणीत खेळायला आला. बाहेरच्या मुलांचा संघ स्वतःहून कुंपणाच्या आत आला, याचं श्रेय त्यांच्या शिक्षकाला दिलं पाहिजे. सामना बरोबरीत गेला, दहाव्या डावात छावणीच्या मुलांनी ११-१० असा जिंकला. परतीचा सामना टूसॉनला व्हायचा होता, तो काही झाला नाही. मुलांना तिकडे येऊ देण्याची लोकांची तयारी नव्हती.

नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंद झाली. झेनिमुरा कुटुंब फ्रेझ्नोला परतलं. मैदान जागेवर राहिलं आणि वाळवंटाने ते परत घेतलं. दोन्ही मुलं १९५३ मध्ये जपानला, हिरोशिमाच्या संघाकडून खेळायला गेली. बॉम्ब पडून आठ वर्षं झालेलं बापाचं जन्मगाव ते. झेनिमुरा १९६८ मध्ये मोटार अपघातात गेला. सरकारने माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले, ते १९८८ च्या कायद्याने. तो तोवर नव्हता.

हे सगळं वाचताना मला आमच्या शाळेचं मैदान सारखं आठवत होतं. ही गोष्ट मी इथे कधी लिहिली नाही. घरच्यांनाही अर्धीच माहीत आहे.

१९७८ साली आमच्या तालुक्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही तरुण आहात, खेळाचा तास तुम्ही घ्या." मैदान म्हणजे शाळेमागचा उतरता खडकाळ माळ. मी मुलांना सांगितलं, प्रार्थनेआधी प्रत्येकाने एक घमेलं दगड वेचायचे. दोन पावसाळे गेले. उंचवटे टिकावाने फोडले, खळग्यांत मुरूम टाकला. रूळ नव्हता, म्हणून डांबराच्या रिकाम्या पिंपात वाळू आणि पाणी भरून, आडवं पाडून, वीस-वीस मुलं ते ढकलायची. मुलींच्या खो-खोचे खांब त्यांनीच पुरले. पोरांचे हात सोलवटले होते. एका मुलीची आई भांडायला आली होती, "पोरीला शिकायला धाडलं का खडी फोडायला?" मी तिला म्हटलं होतं, "हे मैदान तुमच्या मुलीचंच आहे. तिच्या मुलीही इथेच खेळतील."

१९९६ मध्ये संस्थेने त्या मैदानावर इमारत बांधायचं ठरवलं. शिक्षकांच्या सभेत ठराव आला. मैदान बाईंनी केलेलं, म्हणून बाईंची सही दुसऱ्या क्रमांकावर हवी होती. मला मुख्याध्यापिका व्हायला दोन वर्षं उरली होती. मी सही केली. वर्ग कमी पडत होते हे खरं आहे, आणि मी त्यासाठी सही केली नाही हेही खरं आहे.

चार-पाच वर्षांनी तीच मुलगी आपल्या लेकीचं नाव घालायला आली. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून मागे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, मैदान कुठं गेलं?" मी म्हटलं, "तालुक्याच्या क्रीडासंकुलात जातात आता मुलं." तेही खरं नव्हतं. तिने काही विचारलं नाही. दाखल्यावर सही घेतली आणि गेली. तिच्या आईचं भांडण मला चाललं असतं.

झेनिमुराने मैदान केलं ते आपण इथून जाणार हे माहीत असताना. मी केलं ते कायमचं म्हणून, आणि अठरा वर्षांत एका सहीत दिलं. यातून काय घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या आठवड्यात चिरंजीव आम्हाला टूसॉनला घेऊन गेले. दहा नंबरचा हायवे त्या राखीव प्रदेशातूनच जातो. छावणीची जागा रस्त्यावरून दिसत नाही. ती त्या लोकांची जमीन आहे, त्यांच्या परवानगीवाचून जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बराकींच्या काँक्रीटच्या जोत्यांशिवाय तिथे फारसं उरलेलं नाही म्हणतात. मी खिडकीतून बघत राहिले. तांबूस माती, खुरटी झुडपं. यांनी विचारलं, "काय शोधतेयस?" मी म्हटलं, "एरंड." पण एवढ्या वर्षांत पाण्यावाचून तो तरी कुठला राहायला!

काल पुन्हा आमची पाळी होती. चिरंजीवांची कंबर आता बरी आहे, तरी मीच गेले. आदल्या दिवशी कुणीतरी आखलेली पांढरी रेघ तिसऱ्या ठाण्याकडे जाताना चांगली चार बोटं वाकडी गेलेली. कोचनी फक्कीचं खोकं माझ्याकडे ढकललं, आज रेघा तुम्ही मारा म्हणून. मी नातवाला हाक मारली आणि सांगितलं, आधी खोलीतून सुतळी आण.